न मोजलेली वीज



स्मृतिव्याख्यानासाठी विजेचा विषय कशाला, असे मला आपल्यापैकी एकदोघांनी आपुलकीने विचारले. माझे उत्तर साधे आहे. गेल्या साठ-पासष्ट वर्षांत नाशिक जिल्ह्यातल्या माणसाचे रोजचे जगणे ज्या सरकारी संस्थेने सर्वांत जास्त बदलले, ती म्हणजे वीज मंडळ. दिंडोरीची द्राक्षबाग असो, सातपूरचा कारखाना असो, मालेगावचा माग असो, नाहीतर पेठ-सुरगाण्यातल्या पाड्यावरची पिठाची गिरणी असो, या सगळ्यांच्या पाठीमागे तीच एक संस्था उभी आहे. तरीही तिच्याविषयी आपण बोलतो ते लाईट गेल्यावर आणि बिल आल्यावर. लाईट असताना, शांतपणे, तिच्याविषयी बोलावे अशी माझी फार दिवसांची इच्छा होती.

जून २००५ मध्ये मंडळाचे विभाजन झाले. महानिर्मिती, महापारेषण, महावितरण आणि त्यांच्यावर एक सूत्रधारी कंपनी अशी नवी रचना आली. पण गावात आजही डीपी, म्हणजे रोहित्र, जळाली की लोक म्हणतात, 'बोर्डाला कळवा.' मीही आज बोर्डच म्हणणार आहे.

या बोर्डाची कल्पना कुठून आली, तिथून सुरुवात करतो, कारण तिचा एक धागा नाशिकशी जुळतो. १९३० साली काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाचे नेतृत्व करणारे आणि १९३५ साली येवल्यात धर्मांतराची घोषणा करणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. वीज आणि पाणी हे विषय त्यांच्याकडे होते. ऑक्टोबर १९४३ मध्ये वीजविषयक धोरण समितीपुढे त्यांनी जे भाषण केले, ते मला त्यांच्या सामाजिक विचाराचाच भाग वाटते. हिंदुस्थानचे दारिद्र्य शेतीवरच्या बोज्यातून आलेले आहे, तो बोजा उद्योगाशिवाय हलणार नाही आणि उद्योगाला स्वस्त आणि मुबलक वीज लागते, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यातूनच पुढचा प्रश्न निघाला: विजेची मालकी खाजगी असावी की सरकारी? नफा असेल तिथेच जाणारी वीज दारिद्र्य हटवायला पुरत नाही, हे त्यांना दिसत होते.

ते आपल्याकडे डोळ्यांनी पाहता येत होते. १९१५ साली खोपोलीला टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले आणि त्याची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळाली. १९३० पर्यंत रेल्वेचे विद्युतीकरण कसारा घाट चढून इगतपुरीपर्यंत आले. म्हणजे वीज आपल्या जिल्ह्याच्या उंबरठ्यापर्यंत पोचली होती, पण ती गाडी ओढण्यासाठी. तारांखालच्या गावात कंदीलच होता. शहरोशहरी परवाना घेतलेल्या खाजगी कंपन्या वीज पुरवत, आणि त्या शहराच्या वेशीशी थांबत. त्यात त्यांचा दोष काढण्यात अर्थ नाही. खांबांची रांग टाकून दहा मैलांवरच्या चार विहिरींना वीज द्यायची, हा व्यवहार कुठल्याच कंपनीच्या वहीत बसला नसता.

१९४८ च्या वीज पुरवठा कायद्याने राज्य वीज मंडळांची तरतूद केली. मुंबई राज्याचे मंडळ १९५४ साली आले आणि महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ २० जून १९६० रोजी, म्हणजे राज्याच्या स्थापनेनंतर दोन महिन्यांच्या आत. पुढची तीस वर्षे या मंडळाने जे केले ते आपण विसरू नये. १९६२ पासून कोयनेची वीज येऊ लागली. एकलहऱ्याचे औष्णिक केंद्र सत्तरच्या आसपास उभे राहिले. आधी १४० मेगावॅटचे दोन संच, मग १९७९ ते १९८१ मध्ये २१० मेगावॅटचे तीन. इगतपुरी तालुक्यात वैतरणेचे ६० मेगावॅटचे जलविद्युत केंद्र आले. पण मला मोठ्या केंद्रांपेक्षा जास्त महत्त्वाचे वाटतात ते खांब. बैलगाडीतून, नंतर ट्रॅक्टरमधून नेलेले, डोंगरात पहारीने खड्डे घेऊन उभे केलेले. नाशिकच्या द्राक्षाचे श्रेय आपण वाणाला, हवेला, शेतकऱ्याच्या हिमतीला देतो आणि ते खरेच आहे. पण विहिरीवर थ्री फेज आली नसती तर ती बाग कागदावरच राहिली असती. ज्या कंपनीला नफा बघायचा होता तिने हे केले नसते, ते एका सार्वजनिक संस्थेने केले.

हे मी ठासून सांगतो, कारण आता मी जे सांगणार आहे ते त्याच संस्थेच्या विरोधात ऐकू येईल.

सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात शेतीपंपाची वीज मोजणे बंद होऊ लागले. मीटर वाचायला माणूस शेतोशेत पाठवायचा, त्याचा खर्च बिलापेक्षा जास्त, असा त्यामागचा विचार होता. त्याऐवजी पंपाच्या हॉर्सपॉवरवर वार्षिक दर ठरला. पाच एचपीचा पंप असेल तर इतके रुपये, मग तो दिवसाला एक तास चालो की दहा तास. शेतकऱ्याला ते सोयीचे वाटले, मंडळाला त्याहून सोयीचे वाटले. या एका निर्णयाचे परिणाम आपण अजून भोगतो आहोत, म्हणून इथे थोडा थांबतो.

ढोबळ हिशेब करू. पाच एचपी म्हणजे पावणेचार किलोवॅटच्या आसपास. हा पंप वर्षाला १,००० तास चालला तर सुमारे ३,७०० युनिट होतील, १,५०० तास चालला तर सुमारे ५,६००. तास किती चालला हे कोणी पाहिलेले नाही, ते ठरवायचे आहे. आता समजा, एका फीडरमध्ये, म्हणजे गावांकडे जाणाऱ्या एका वीजवाहिनीत, सबस्टेशनवरून १०० युनिट सोडले. घरे, दुकाने, गिरणी यांच्या मीटरवर ५० दिसले. उरलेल्या ५० पैकी पंपांनी किती घेतले? कार्यालयात बसून 'पंपांनी ३५ घेतले' असे लिहिले की गळती १५ टक्के होते. खरे २० घेतले असतील, तर गळती ३० टक्के आहे. मधले १५ युनिट कुठे गेले? कुठे तारेवर टाकलेल्या चोरीच्या आकड्यावर, कुठे बिघडवलेल्या मीटरमधून, कुठे जुन्या बारीक तारांमध्ये उष्णता होऊन. पण कागदावर ते सगळे शेतकऱ्याने वापरले.

एकाच खोट्या आकड्याने तीन कामे होत होती. गळती कमी दिसत होती, म्हणजे मंडळ कार्यक्षम ठरत होते. शेतीचा वापर जास्त दिसत होता, म्हणजे अनुदान जास्त मागता येत होते. आणि चोरी कुठे होते हे शोधायची गरजच उरत नव्हती. कोणा एका अधिकाऱ्याने हे कट करून घडवले असे मी म्हणत नाही. मालमत्तेवर किमान ३ टक्के शिल्लक राहिली पाहिजे असे कायदा मंडळाला सांगत होता, दर वाढवू नका असे सरकार सांगत होते, आणि दोन्हींच्या मध्ये एक न मोजलेला पंप होता. सगळ्यांनी आपापली अडचण त्या पंपात ओतली.

वीज नियामक आयोग १९९९ मध्ये आला. २००० सालच्या वीजदर आदेशाच्या वेळी पहिल्यांदा आकड्यांची जाहीर तपासणी झाली, आणि वर्षानुवर्षे १५ ते १८ टक्के सांगितली गेलेली गळती ३० टक्क्यांच्या पुढे निघाली. त्या तपासणीत पुण्याच्या प्रयास गटाच्या अभ्यासकांचा, विशेषतः दिवंगत गिरीश संत यांचा मोठा वाटा होता. सरकारी नोकरी नाही, कारखाना नाही, पक्ष नाही, तरी ही माणसे मंडळाचेच ताळेबंद घेऊन बसली आणि प्रश्न विचारत राहिली. सार्वजनिक संस्था सार्वजनिक कशी होते याचे मला ठाऊक असलेले हे उत्तम उदाहरण आहे. आणि गोष्ट तिथे संपली नाही. वीस वर्षांनी, २०२० च्या आदेशातही आयोगाने शेतीची वीजविक्री महावितरणने दाखवली त्यापेक्षा कमीच धरली. इचलकरंजीचे प्रताप होगाडे आणि त्यांची वीज ग्राहक संघटना हेच इतकी वर्षे सांगत आले आहेत.

याचा भार कोणावर पडला? सातपूर-अंबडच्या लघुउद्योजकावर, कारण शेतीच्या नावावर दाखवलेल्या युनिटांची सवलत त्याच्या दरात चढते. आणि गंमत म्हणून नव्हे, दुःखाने सांगतो, शेतकऱ्यावरही पडला. सिन्नर, चांदवड, येवला इथल्या विहिरी फेब्रुवारी-मार्चमध्ये तळ गाठतात. पंप बंद, पण एचपीवरचे बिल चालू. ठिबकवर बाग करणारा, पाण्याचा थेंब जपणारा माणूस आणि पाटाने ऊस भिजवणारा माणूस यांचे बिल सारखे. वापराशी ज्याचा संबंध नाही असे बिल भरावेसे कोणालाच वाटत नाही. थकबाकी साचत गेली. २०२० च्या अखेरीस कृषिपंप धोरण आले तेव्हा ती सुमारे ४५ हजार कोटी रुपये होती. शेतकरी बुडवा आहे असे शहरात सर्रास बोलले जाते. ज्या वापराचा पुरावा नाही त्याच्या बिलाला थकबाकी म्हणायचे का, हा प्रश्न मात्र विचारला जात नाही.

डीपीचेही तेच. गावाकडचे श्रोते इथे असतील, त्यांना मी नवीन काही सांगत नाही. शंभर केव्हीएच्या डीपीवर कागदोपत्री जेवढे पंप असतात त्यापेक्षा प्रत्यक्षात जास्त असतात, आणि तीन एचपीच्या नोंदीवर पाचचा किंवा साडेसातचा पंप बसवलेला असतो. वीज दिवसातून काहीच तास येते, म्हणून प्रत्येकाने ऑटो स्टार्टर बसवलेला. वीज आली की सगळे पंप एका दमात उठतात. दाब कोसळतो. दाब कमी झाला की मोटर जास्त करंट ओढते, तापते आणि जळते. तिच्या आधी किंवा मागून डीपी जळते. मग वर्गणी काढायची, ट्रॅक्टर करायचा, जळालेली उतरवायची, दुसरी आणायची. आयोगाच्या विनियमांनुसार ग्रामीण भागात जळालेले रोहित्र ४८ तासांत बदलले पाहिजे आणि उशीर झाला तर ग्राहकाला भरपाई मिळाली पाहिजे. हा नियम किती गावांत भिंतीवर लावलेला आहे? २०१८ पासून एकदोन शेतकऱ्यांना स्वतंत्र छोटे रोहित्र देणारी उच्चदाब प्रणाली आली, ती चांगली आहे. आपल्या डीपीवर कोण किती ओढतो हे समजले की माणूस डीपी जपतो.

एनरॉनविषयी थोडक्यात बोलतो, कारण त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. डिसेंबर १९९३ मध्ये मंडळाने एनरॉनच्या दाभोळ कंपनीशी वीज खरेदी करार केला. १९९९ मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला आणि दोन वर्षांत मंडळाची कंबर मोडली. वीज घेतली नाही तरी क्षमतेचे पैसे द्यायचे, आणि तेही डॉलरशी बांधलेले. २००१ मध्ये मंडळाने हा करार रद्द केला. त्याच वर्षाच्या शेवटी अमेरिकेत खुद्द एनरॉनचे दिवाळे निघाले. मला त्यातली एकच बाब आज नोंदवायची आहे. लोकांच्या मालकीच्या संस्थेने लोकांच्या नावाने केलेला तो करार बराच काळ लोकांना वाचायला मिळाला नव्हता. न मोजलेला पंप आणि न दाखवलेला करार या एकाच रोगाच्या दोन खुणा आहेत.

त्यानंतरच्या दशकात भारनियमन आले. आपल्यापैकी तरुणांना ते आठवणार नाही. खेड्यांत दिवसाचे बारा-बारा तास वीज नसे. मुलांनी दहावीचा अभ्यास कंदिलावर केला, तोही वीज आल्यावर कित्येक वर्षांनी. गळती आणि वसुली पाहून फीडरांचे ए पासून जी पर्यंत गट केले गेले. ज्या फीडरवर चोरी जास्त तिथे अंधार जास्त. या पद्धतीने वसुली वाढली, हे खरे. पण मला ती आजही अन्यायाची वाटते. नियमाने बिल भरणाऱ्या विधवा बाईच्या घरातला दिवा शेजारच्याच्या आकड्यासाठी विझवायचा, हा न्याय नव्हे. घरागणिक मोजता येत नव्हते म्हणून गावागणिक शिक्षा झाली.

त्याच काळात अक्षय प्रकाश योजना आली होती. तिचे नाव आता फारसे कोणी घेत नाही, म्हणून मुद्दाम घेतो. गावाने ठरवायचे: आकडे काढू, संध्याकाळच्या वेळी पंप आणि विजेच्या शेगड्या लावणार नाही. बोर्डाने ठरवायचे: मग संध्याकाळी तुमच्या गावात भारनियमन नाही. पोलीस नाहीत, दंड नाही. फीडरवरचा भार दोघांना दिसत होता, एवढाच त्या कराराचा आधार. अनेक गावांनी तो पाळला. लायनमन आणि गावकरी मिळून आकडे उतरवत होते, हे त्या दिवसांत घडले आहे. पुढे गावठाणाचे आणि शेतीचे फीडर वेगळे झाले, विजेची उपलब्धता वाढली आणि योजना मागे पडली. गावाला आपल्या विजेचा आकडा कळला की गाव शहाणपणाने वागते, ही तिची शिकवण मागे पडायला नको होती.

आता खाजगीकरण. आपल्या जिल्ह्यात मालेगावचे वितरण मार्च २०२० पासून कोलकात्याच्या सीईएससीच्या कंपनीकडे फ्रँचायझी म्हणून आहे. भिवंडी २००७ पासून टोरेंटकडे आहे. दोन्ही यंत्रमागांची शहरे, दोन्हीकडे गळती प्रचंड होती. दुसऱ्या बाजूला औरंगाबाद, जळगाव आणि नागपूरच्या फ्रँचायझी मुदतीआधीच संपल्या. म्हणजे खाजगी आले की सुधारलेच असेही नाही आणि बुडालेच असेही नाही. शेजारच्या नगर जिल्ह्यात मुळा-प्रवरा ही सहकारी वीज संस्था १९६९ पासून चालली, आणि २०११ मध्ये तिचा परवाना संपला. तिच्या डोक्यावरही थकबाकीचाच डोंगर होता. सरकारी, सहकारी, खाजगी या तिन्ही मालक्या महाराष्ट्राने पाहिल्या आहेत. जगातही हेच दिसते. कोस्टा रिकाच्या सरकारी वीज संस्थेने १९४९ पासून जवळपास प्रत्येक घरात वीज नेली. दक्षिण आफ्रिकेची तितकीच सरकारी एस्कॉम लोडशेडिंगमध्ये रुतली. फ्रँचायझी आल्यावर पहिले काम काय करते? मीटर बदलते आणि ते वाचते. ते बोर्डाच्या माणसाला येत नव्हते का? येत होते. त्याला ते करू दिले गेले नाही, आणि वाचलेला आकडा कोणाला हवाही नव्हता.

म्हणून जानेवारी २०२३ मध्ये वीज कर्मचारी खाजगीकरणाविरोधात संपावर गेले तेव्हा माझी सहानुभूती त्यांच्या बाजूला होती. वळवाच्या पावसात, रात्री, परमिट घेऊन खांबावर चढणारा लायनमन कामचुकार असतो असे म्हणणाऱ्याने एकदा त्याच्याबरोबर जावे. लाईन बंद आहे असे समजून चढलेल्या आणि पलीकडून उलटा करंट आल्याने गेलेल्या माणसांच्या बातम्या दर पावसाळ्यात आपण वाचतो. पण त्यांच्या संघटनांनाही मला सांगायचे आहे: बोर्ड लोकांचे राहावे असे वाटत असेल तर त्याचे हिशेब लोकांपुढे ठेवण्याची मागणी तुम्हीच सर्वांत आधी करायला हवी.

एकलहऱ्याबद्दलही नाशिककरांना तळमळ आहे, आणि ती मी समजतो. जुने दोन संच बंद झाले, ६३० मेगावॅट उरले, ६६० मेगावॅटच्या नव्या संचाचे वचन हवेत राहिले. खाण दूर, म्हणून कोळशाची वाहतूक महाग. स्वस्त वीज आधी घ्यायची या नियमात एकलहऱ्याचा क्रमांक मागे पडतो. तिथल्या कामगारांचा आणि आसपासच्या गावांचा प्रश्न खरा आहे. पण नाशिकच्या विजेचे भवितव्य आता धुराड्यात नाही, उन्हात आहे.

शेतीपंपाला आठवड्याच्या पाळीने दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास वीज मिळत आली आहे. रात्रपाळी म्हणजे डिसेंबरात निफाडच्या कडाक्यात दोन वाजता बॅटरी घेऊन बांधावर जाणे. उसात बिबट्या, वाफ्यात साप. रात्रपाळी बंद होणे हा मला शेतकऱ्याच्या माणूसपणाचा प्रश्न वाटतो. २०१७ ला सुरू झालेली आणि २०२३ ला मोठ्या प्रमाणावर हाती घेतलेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना शेतीच्या फीडरना दिवसा वीज देण्यासाठी आहे: सबस्टेशनजवळ छोटे सौर प्रकल्प, तिथून थेट शेतात. ही दिशा बरोबर आहे असे मी मनापासून मानतो.

आणि नेमक्या याच वळणावर मोजण्याचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. एप्रिल २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या ४४ लाख शेतकऱ्यांची वीज मोफत झाली. त्यापोटी राज्य सरकारने महावितरणला वर्षाला सुमारे १४,७६० कोटी रुपये द्यायचे, असे तेव्हा ठरले. २००४ मध्येही वीज मोफत झाली होती आणि वर्षभरात तो निर्णय मागे घ्यावा लागला, हे आठवत असेल. मोफत द्यावी की नाही यावर मतभेद असू शकतात. कोरडवाहू शेतकऱ्याला मदत हवी याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण हे पैसे किती युनिटांचे? पूर्वी चुकीचा अंदाज शेतकऱ्याच्या थकबाकीत लपत होता. आता तो तुमच्या-माझ्या करातून रोख भरला जाणार आहे. बिल शून्य झाले म्हणून मीटर वाचायचे सोडले, तर गळती पुन्हा पंपात ओतली जाईल आणि या वेळी ओरडायला शेतकरीही उरणार नाही, कारण त्याच्या हातात बिलच नसेल.

प्रत्येक पंपावर मीटर बसेल तेव्हा बसो. शेतीचे बहुतेक फीडर आता वेगळे झाले आहेत आणि फीडरच्या तोंडाशी सबस्टेशनमध्ये मीटर आहे. माझी मागणी एवढीच आहे की त्या मीटरचा महिन्याचा आकडा त्या फीडरवरच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा आणि ग्रामसभेत वाचला जावा. किती युनिट आले, घरांच्या मीटरवर किती दिसले, पंपांच्या नावावर किती लिहिले, किती डीपी जळाल्या आणि प्रत्येक किती तासांनी बदलली. यासाठी नवा कायदा लागत नाही, हा आकडा बोर्डाकडे आहे. विहिरींना पाणी नसलेल्या एप्रिलमध्ये पंपांच्या नावावर जानेवारीइतके युनिट दिसले, तर ते येवल्याच्या शेतकऱ्याइतके चटकन कोणाच्या लक्षात येणार आहे?

वीजदराच्या प्रस्तावावर नियामक आयोग जाहीर सूचना-हरकती मागवतो, जनसुनावण्या घेतो; नाशिकमध्येही त्या झालेल्या आहेत. उद्योजकांच्या संघटना तिथे तयारीने येतात. शेतकरी आणि घरगुती ग्राहक जवळजवळ नसतातच. हरकत मराठीत लिहिता येते, एका पानाची असली तरी ती नोंदवून घेतात आणि महावितरणला तिला उत्तर द्यावे लागते. आज सभागृहात निफाड, सिन्नर, दिंडोरीहून आलेली मंडळी आहेत. व्याख्यानानंतर मी इथेच खाली बसणार आहे. आपापल्या गावाच्या फीडरचे नाव आणि सबस्टेशन कोणते ते मला लिहून द्या; पुढच्या सुनावणीसाठीची हरकत आपण आजच लिहायला घेऊ.